दुधाळ पाणी निवळेपर्यंत

नमस्कार श्रोतेहो. छातीत पाणी झालं म्हटलं की घरातल्यांच्या पोटात गोळा येतो. आज मात्र अशा उपचाराबद्दल सांगणार आहे, ज्यात डॉक्टर मुद्दाम फुफ्फुसात पाणी सोडतात.

आजाराचं नाव तोंडात बसायला जड आहे: पल्मनरी अल्व्हिओलर प्रोटिनोसिस. 1958 साली वैद्यकात त्याची पहिली नोंद झाली. दहा लाखांत जेमतेम सातेक जणांना होणारा आजार. फुफ्फुसातले वायुकोश मिटू नयेत म्हणून त्यांना आतून सर्फॅक्टंटचा स्निग्ध थर असतो. जुना झालेला थर तिथल्या सफाई पेशी गिळून टाकतात. त्यासाठी त्यांना जीएम-सीएसएफ हे प्रथिन लागतं. बहुतेक रुग्णांचं शरीर याच प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडं तयार करतं. सफाई थांबते, थर साचत जातो, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. न्यूमोनिया समजून औषधं चालू राहतात ती वेगळीच.

मग फुफ्फुस धुवायचं. पूर्ण भूल देऊन श्वासनलिकेत दुहेरी नळी बसवतात. एका फुफ्फुसाला हवा मिळत राहते, दुसऱ्यात अंगाइतकं कोमट सलाइन, एका वेळी लिटरभर. साधं पाणी चालत नाही. ते रक्तात शिरलं तर तांबड्या पेशी फुटतात. छाती थोपटायची आणि पाणी खाली बाटलीत उतरवायचं. पहिली बाटली थेट दुधासारखी, थोडा वेळ ठेवली की तळाशी जाड साका. पंधरा-वीस लिटर, कधी त्याहून जास्त, पाणी निवळेपर्यंत.

पण तोवर शरीराचा सगळा भार दुसऱ्या फुफ्फुसावर, आणि तेही साक्यानं भरलेलं असेल तर? तेव्हा एक्मो लावतात. मांडीच्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं, यंत्रात ऑक्सिजन मिसळायचा, मानेच्या शिरेतून परत सोडायचं. गुठळी होऊ नये म्हणून हेपरिन, आणि हेपरिन आलं की रक्तस्रावाची धास्ती. एक्मोचं नाव काढलं की नातेवाईक हाय खातात. मला विचाराल तर इथे ते यंत्र शेवटचा उपाय नाहीच. धुणं उरकेपर्यंत धरलेला हात आहे.

दुसरं फुफ्फुस सहसा काही दिवसांनी धुतात. प्रतिपिंडं मात्र शरीरातच राहतात, त्यामुळे काहींना पुन्हा धुवावं लागतं. अशांना आता जीएम-सीएसएफ नेब्युलायझरमधून, श्वासावाटेही देतात.