उशीवर उतरणारी पूड

नमस्कार श्रोतेहो. आज नाकाविषयी बोलायचं आहे, आणि नाकामुळे मोडणाऱ्या झोपेविषयी.

सकाळी उठल्या उठल्या ओळीनं दहा-पंधरा शिंका. डोळ्यांना खाज, टाळूला खाज, नाकाला पाण्यासारखी धार. रात्री तेच नाक असं चोंदतं की तोंड उघडं टाकून झोपावं लागतं, आणि पहाटे घशाला कोरड पडून जाग येते. आपल्याकडं याला सर्दी म्हणतात, नाहीतर वातावरण बदललं म्हणून सोडून देतात. सर्दी आठ-दहा दिवसांत जाते. दरवर्षी त्याच महिन्यात येऊन दोन-दोन महिने मुक्काम ठोकते ती सर्दी नव्हे, ती नाकाची ॲलर्जी. इंग्रजीत तिला ‘हे फिव्हर’ म्हणतात, म्हणजे वाळल्या गवताचा ताप. या नावातलं दोन्हीही चूक आहे. ताप येत नाही, आणि दोष गंजीतल्या कडब्याचा नसतो. फुलोऱ्यावर आलेल्या गवताच्या परागाचा असतो, डोळ्यांना न दिसणाऱ्या त्या पिवळट पुडीचा.

हे कळलं कसं, ते आधी सांगते. ही गोष्ट नीट ऐकली की रात्री काय करायचं ते निम्मं आपोआप समजतं.

१८१९ साली लंडनच्या डॉक्टर जॉन बोस्टॉक यांनी या दुखण्याचं पहिलं नीट वर्णन मांडलं. रोगी ते स्वतःच होते. लहानपणापासून दर जूनमध्ये डोळे लाल, नाक गळतं, छाती भरते. रक्त काढून झालं, गार पाण्यानं अंघोळी झाल्या, अफू झाली. उपयोग शून्य. त्यांनी दोष दिला उन्हाळ्याच्या उष्णतेला. पुढं कुणी उजेडाला दिला, कुणी धुळीला, कुणी हवेतल्या ओझोनला.

मग आले मँचेस्टरचे डॉक्टर चार्ल्स ब्लॅकली. त्यांनाही हाच त्रास. १८५९ च्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलांनी रानातून गवताचा गुच्छ आणला आणि घरातल्या फुलदाणीत ठेवला. गुच्छ वाळायला लागला. ब्लॅकलींचा हात लागला, तुऱ्यातून थोडी पूड उडाली, आणि तिथल्या तिथं शिंका सुरू झाल्या. दुसरा असता तर गुच्छ बाहेर फेकून मोकळा झाला असता. ब्लॅकलींनी ती पूड सूक्ष्मदर्शकाखाली धरली. ते पराग होते.

एवढ्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. उष्णता, उजेड, ओझोन, धूळ, ज्याच्या ज्याच्यावर लोकांचा संशय होता ते एकेक स्वतःवर लावून पाहिलं. मग साठवलेले पराग नाकात घालून पाहिले. नाक चोंदलं. भर हिवाळ्यातही चोंदलं, बाहेर गवताला एक फूल नसताना. मग हाताची कातडी किंचित खरवडून ओले पराग तिथं बांधले, आणि दुसऱ्या हातावर तसंच खरवडून नुसता ओला कपडा. परागाच्या हातावर काही मिनिटांत खाज आणि फुगवटा. दुसरा हात जसाच्या तसा. आज दवाखान्यात ॲलर्जीची टोचणी-तपासणी करतात, तिचं मूळ हेच. थेंब ठेवून टोचतात, पंधरा-वीस मिनिटांनी फुगवटा मोजतात, आणि ३ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असेल तर ॲलर्जी आहे असं धरतात. जाताना एक लक्षात ठेवा, सर्दी-ॲलर्जीच्या गोळ्या पाच-सात दिवस आधी डॉक्टरांना विचारून बंद करायच्या. नाहीतर फुगवटा उठतच नाही आणि तपासणी वाया जाते.

आता गोष्टीतला मला सगळ्यात आवडणारा भाग. हवेत पराग किती, हे मोजायचं कसं? ब्लॅकलींनी काचेच्या पट्टीला ग्लिसरीनचं चिकट मिश्रण फासलं आणि माणूस श्वास घेतो त्या उंचीवर ती पट्टी उघड्यावर ठेवली. चोवीस तासांनी काढून घरात आणायची, सूक्ष्मदर्शकाखाली धरायची आणि पराग एकेक करून मोजायचे. रोज. एकीकडं परागाचा आकडा, दुसरीकडं स्वतःच्या शिंका. आकडा चढला की त्रास चढायचा. पाऊस पडला की आकडा खाली, त्रासही खाली.

मग प्रश्न आला उंचीचा. वर आभाळात पराग असतात का? त्यांनी पतंग उडवले, श्रोतेहो! एका पतंगाच्या दोरीला दुसरा, दुसऱ्याला तिसरा, असे जोडून चिकट काचा हजार फुटांच्या वर नेल्या. आपल्या घाटीच्या किंवा कुठल्याही मोठ्या दवाखान्याच्या इमारतीपेक्षा कितीतरी वर. खाली उतरवल्यावर काय दिसलं? जमिनीजवळच्या काचेपेक्षा वरच्या काचेवर पराग जास्त. म्हणजे ही पूड वाऱ्यावर चढून लांबून येते. १८७३ साली त्यांनी हे सगळं छापलं.

   

तर, त्या चिकट काचेकडं परत चला. आपल्या घरात ती काच कुठं आहे? आपलं तेल लावलेलं डोकं ही ती काच आहे. सकाळी चापून तेल लावून माणूस रानात, बाजारात, गाडीवर फिरतो, दिवसभराची पूड केसांवर धरतो, आणि रात्री तेच डोकं उशीवर टेकवतो. मग आठ तास नाक त्या उशीत. पुन्हा सांगते: पूड वाऱ्यानं येते, पण अंथरुणात ती आपण नेतो.

म्हणून त्रासाच्या दिवसांत तेल सकाळी नको. बाहेर पडताना डोक्याला रुमाल, उपरणं, ओढणी, जे असेल ते घट्ट बांधा. संध्याकाळी घरी आल्यावर बाहेरचे कपडे झोपायच्या खोलीत न्यायचे नाहीत, खुंटीलाही नाही. अंघोळ करा. रोज केस धुणं जमत नसेल तर ओल्या पंचानं केस पुसून स्वच्छ फडकं बांधून झोपा, आणि उशीचा अभ्रा दोन दिवसांनी बदला. नाकपुडीच्या कडेला बोटानं तूप किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवून बाहेर गेलात तरी तीच काच तुमच्या बाजूनं काम करते. आत खोल मात्र कोंबायचं नाही, आणि झोपण्याआधी पुसून टाकायचं.

आपल्याकडं पूड कशाकशाची? पावसाळ्यात आणि त्यानंतर गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत. भाद्रपदात निसवलेली बाजरी, हिवाळ्यात फुलोऱ्यातली शाळू. गवतच आहेत ती. उन्हाळ्याच्या तोंडाशी वेडी बाभूळ. सोयाबीनच्या मळणीला धुराळा वेगळाच. गाजर गवत उपटायचं तर फुलावर येण्याआधी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून. ज्याला ॲलर्जी आहे त्यानं ते उपटायचं नाही, हे पक्कं. घरातल्या दुसऱ्यानं उपटावं.

रात्री नाक जास्त का चोंदतं? आडवं झालं की नाकाच्या आतल्या पडद्यात रक्त साठून तो फुगतो, हे एक. दुसरं, दुपारी घेतलेल्या परागाचा दुसरा झटका चार ते आठ तासांनी येतो, म्हणजे नेमका झोपेच्या वेळी. बाजेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली दोन-दोन विटा एकावर एक ठेवा. सहा इंच उंची मिळते. उशांवर उशा रचू नका. त्यानं फक्त मान वाकते.

आता नाक धुणं. एक लिटर पाणी खळखळ उकळून कोमट होऊ द्या. त्यात दीड सपाट चहाचा चमचा मीठ आणि अर्धा चमचा खायचा सोडा. मोरीवर वाकून, मान एका बाजूला कलती करून, तोंडानं श्वास घेत वरच्या नाकपुडीत हे पाणी ओता. खालच्या नाकपुडीतून पाणी येईल. मग बाजू बदला. झोंबलं तर समजा मीठ कमी पडलंय किंवा जास्त झालंय. साधं पाणी जास्त झोंबतं. आणि बोअरचं किंवा नळाचं कच्चं पाणी नाकात कधीही घालायचं नाही. त्यातला अमिबा नाकावाटे मेंदूत जाऊ शकतो. दुर्मीळ आहे, पण जिवावरचं आहे. पाणी उकळलेलंच हवं. राहिलेलं दुसऱ्या दिवशी ओतून द्या. नाक झोपण्याच्या तासभर आधी धुवा, म्हणजे उरलेलं पाणी घशात उतरत नाही.

नाक धुतल्यावर दहा मिनिटांनी स्प्रे. फ्लुटिकासोन किंवा मोमेटासोन, डॉक्टरांनी दिलेला. इथं सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सावकाश सांगते. बाटली हलवा. नवी असेल तर फवारा बारीक येईपर्यंत हवेत मारून पाहा. मान मागं टाकू नका, किंचित पुढं झुकवा. उजव्या हातानं डाव्या नाकपुडीत, डाव्या हातानं उजव्या. हात असा उलटा घेतला की टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, कानाकडं वळतं. मधल्या पडद्यावर मारलं तर खपली धरते, रक्त येतं, आणि लोक औषधाला दोष देऊन बंद करतात. दाबताना हळू श्वास घ्या, जोरात ओढू नका. घशात कडवट चव उतरली म्हणजे औषध नाकात राहिलं नाही. आणि याचा गुण पहिल्या रात्री येत नाही. आठवडा, कधी दोन आठवडे लागतात. तीन दिवसांत सोडून देणारे फार. हा स्प्रे स्टेरॉइडचा म्हणून भिऊ नका. एका फवाऱ्यात साधारण ५० मायक्रोग्रॅम औषध असतं, आणि रक्तात उतरतं ते अगदी थोडं. खरं भ्यायचं असेल तर दर हंगामाला कमरेत घेतल्या जाणाऱ्या स्टेरॉइडच्या सुईला भ्या. तिनं साखर चढते, हाडं ठिसूळ होतात.

चोंदलेलं नाक झटक्यात उघडणारे थेंब, ऑक्सिमेटाझोलिन नाहीतर झायलोमेटाझोलिन, तीन दिवस, फार तर पाच. त्यापुढं तेच थेंब नाक चोंदवतात आणि माणूस बाटली उशाला घेऊन झोपायला लागतो.

गोळ्यांचं थोडक्यात. सर्दीच्या जुन्या गोळीत क्लोरफेनिरामिन असतं. तिनं गुंगी येते, झोप नव्हे. सकाळी डोकं जड राहतं, आणि तशा डोक्यानं मोटारसायकल किंवा मळणीयंत्र चालवणं धोक्याचं. सेट्रिझिन १० मिलिग्रॅम मोठ्या माणसाला रात्री एक. तिनंही काहींना सुस्ती येते. फेक्सोफेनाडिनला सुस्ती कमी, पण ती पाण्याबरोबर घ्यायची, मोसंबीच्या रसाबरोबर नाही, रसानं ती कमी लागू पडते. या गोळ्या शिंका आणि खाज थांबवतात. चोंदलेलं नाक फारसं उघडत नाहीत, त्याला स्प्रेच. आणि मॉन्टेलुकास्ट घातलेली जोडगोळी दुकानातून आपल्या मनानं घेऊ नका. २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी मॉन्टेलुकास्टवर सर्वांत कडक इशारा छापायला लावला: भयानक स्वप्नं, झोपमोड, मन खचणं. झोपेसाठी घेतलेली गोळी झोप मोडत असेल तर डॉक्टरांना सांगा. लेकराला ती गोळी चालू असून ते रात्री दचकून उठत असेल तर नक्कीच सांगा.

उन्हाळ्यात कूलर. कूलरचं गवत महिनोन्महिने ओलं राहिलं की त्यात बुरशी धरते आणि पंखा तिची पूड थेट तोंडावर मारतो. गवत दर उन्हाळ्याला नवं बसवा. टाकी आठवड्याला रिकामी करून घासा, डासांसाठीही तेच सांगितलेलं आहे. सकाळी बंद करताना आधी पंप बंद करा आणि नुसता पंखा पंधरा मिनिटं चालू ठेवा, म्हणजे गवत कोरडं होतं. माळवदावर किंवा गच्चीवर झोपत असाल तर अंथरूण झोपतानाच घाला. पाच वाजताच गार व्हायला म्हणून घातलं की संध्याकाळी खाली बसणारी पूड सगळी त्यावर.

गोधड्यांना ऊन द्या, पण ऊन देऊन थेट घरात आणू नका. आधी झटका. उन्हानं गोधडीतले बारीक किडे मरतात, त्यांची विष्ठा मात्र राहते, आणि ॲलर्जी तिचीच असते. झटकणारा माणूस ॲलर्जीवाला नको.

छातीत शिट्टी वाजत असेल, रात्री दम लागत असेल, एकाच नाकपुडीतून घाण किंवा रक्त येत असेल, लेकराचा घोरता घोरता श्वास थांबत असेल, तर हे घरचे उपाय बाजूला ठेवून नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडं जा.

स्प्रे त्रास सुरू व्हायच्या दोन आठवडे आधी सुरू करायचा असतो, हे लोक विसरतात. ज्यांचं नाक दरवर्षी पोळ्याच्या सुमाराला वाहायला लागतं, त्यांनी नारळी पौर्णिमेलाच पहिला फवारा घ्यावा. बरोबर पंधरा दिवस होतात. १२० फवाऱ्यांची बाटली असेल आणि दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन घेत असाल तर ती महिनाभर पुरते. बाटलीवर पेननं तारीख टाका.

नमस्कार.