बरोबर उत्तराच्या पलीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

सहावीत शिकणारा बारा वर्षांचा एक मुलगा. गणितात तो वर्गातल्या उत्तम मुलांपैकी एक, असं त्याच्या बाईंचं मत. चाचण्या पास होत होत तो भराभर पुढे चाललेला. त्याला एका संशोधकाने विचारलं, दोन छेद दहा म्हणजे दशांश अपूर्णांकात किती? मुलगा म्हणाला, १.२. पाच छेद दहा? १.५. आणि चारशे छेद चारशे? ८.००.

हा मुलगा अमेरिकेतला. शिक्षणाच्या संशोधनात तो बेनी या नावाने ओळखला जातो. स्टॅनली अर्लवँगर यांनी त्याच्याशी झालेल्या गप्पा १९७३ साली प्रसिद्ध केल्या. बेनी अंदाजाने ठोकून देत नव्हता. त्याचा नियम ठरलेला होता: अंश आणि छेद यांची बेरीज करायची आणि त्या बेरजेत दशांश चिन्ह द्यायचं. म्हणून चार छेद अकरा आणि अकरा छेद चार, दोन्हींचं त्याचं उत्तर एकच, १.५. एक संख्या एकपेक्षा लहान आणि दुसरी अडीचपेक्षा मोठी, हे त्याला कुठेच खटकलं नाही.

मग तो पास कसा होत होता? त्याच्या शाळेत प्रत्येक मूल आपापल्या गतीने कार्यपुस्तिका सोडवायचं. उत्तरं उत्तरसूचीशी ताडली जायची आणि ८० टक्के बरोबर आली की पुढचा टप्पा उघडायचा. त्यामागचा हेतू चांगलाच होता, कोणी मागे राहू नये, कोणाला थांबावं लागू नये. पण या सगळ्यात बेनीला कोणी बोलतं केलं नाही. सूचीत एक छेद दोन असेल आणि मुलाने दोन छेद चार लिहिलं, तर ते चूकच धरलं जायचं. यातून बेनीने एकच गोष्ट मनाशी पक्की केली: सूचीत जे छापलंय ते बरोबर. मला या सगळ्यात सर्वांत जास्त अस्वस्थ करतं ते हेच. मूल्यमापनाने त्याची चूक लपवली, आणि वर गणित म्हणजे काय याबद्दलच त्याची चुकीची समजूत करून दिली.

आता वजाबाकीकडे या. बावन्नातून सत्तावीस वजा करायचे आहेत आणि मूल उत्तर लिहितं, पस्तीस. आपण लाल फुली मारतो आणि म्हणतो, लक्ष नाही. पण जरा नीट पाहा. एककाच्या घरात दोनातून सात जात नाहीत, म्हणून मुलाने सातातून दोन वजा केले. प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करायचा, हा त्याचा नियम. सत्तरच्या दशकात ब्राऊन आणि बर्टन या संशोधकांनी मुलांच्या वजाबाकीतल्या अशा कितीतरी चुका तपासल्या, आणि त्यातल्या बऱ्याचशा चुकांमागे असाच ठराविक नियम सापडला. या मुलाला हातच्याची आणखी वीस उदाहरणं घालून काय होईल? तो तोच चुकीचा नियम वीस वेळा घोटेल. त्याला हवेत पाच दशक आणि दोन सुटे, प्रत्यक्ष हातात. एक दशक सोडवून बारा सुटे झालेले त्याने स्वतः पाहायला हवेत.

हे कळायचं तर मुलाला बोलायला सवड हवी. मेरी बड रो यांनी प्राथमिक शाळांतले विज्ञानाचे तास ध्वनिमुद्रित करून अभ्यासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबत. तेवढ्यात उत्तर आलं नाही तर प्रश्न दुसऱ्याकडे जायचा, नाहीतर शिक्षकच उत्तर देऊन टाकायचे. ही वेळ तीन सेकंदांपर्यंत वाढवली तेव्हा उत्तरं लांबली, ‘माहीत नाही’ म्हणणं कमी झालं, मुलं स्वतः प्रश्न विचारू लागली. एरवी गप्प बसणारीही बोलू लागली. फक्त दोन सेकंदांची भर! त्यासाठी ना वेगळं साहित्य लागतं, ना प्रशिक्षणाचा मोठा घाट. तरीही ते सोपं नाही, कारण वर्गातली शांतता शिक्षकाला अंगावर येते. सवय लागेपर्यंत मनात आकडे मोजावे लागतात.

आणि मग गुण. इस्राएलच्या रूथ बटलर यांनी १९८८ मध्ये पाचवी-सहावीतल्या मुलांवर केलेला प्रयोग प्रत्येक शाळेत वाचला जावा असं मला मनापासून वाटतं. काही मुलांना कामावर फक्त लेखी शेरा दिला, काहींना फक्त गुण, काहींना दोन्ही. शेरा मिळालेल्या मुलांचं पुढचं काम सुधारलं. गुण मिळालेल्यांचं तसं सुधारलं नाही. आणि दोन्ही मिळालेली मुलं? त्यांची गतही गुणवाल्यांसारखीच झाली. मुलाची नजर आकड्यावर जाते, तो शेजाऱ्याच्या आकड्याशी ताडला जातो, आणि शिक्षकाने जीव ओतून लिहिलेल्या दोन ओळी तशाच राहतात.

याचा अर्थ चाचण्या बंद करा, असा मुळीच नाही. आर्थर गेट्स यांनी १९१७ मध्येच शाळकरी मुलांवर दाखवून दिलं होतं, की धडा पुन्हापुन्हा वाचण्यापेक्षा पुस्तक मिटून आठवून पाहिलं तर जास्त लक्षात राहतं. म्हणून छोटी, बिनगुणांची, रोजची चाचणी हवीच. फक्त तिचा निकाल प्रगतिपुस्तकात न जाता उद्याच्या तासाच्या तयारीत जायला हवा.

वर्गात मुलं खूप असतात, प्रत्येकाशी बोलणार कधी, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून प्रश्नच नेमका निवडायचा. ‘०.३५ मोठा की ०.८?’ असं विचारा आणि सगळ्यांना एकदम पाट्या वर करायला सांगा. जी मुलं ०.३५ लिहितील, ती बहुधा पस्तीस आणि आठ यांची तुलना करताहेत. तुमच्या पुढच्या दहा मिनिटांचं काम तिथेच ठरलं.

पाट्या वर झाल्या की एखाद्याला विचारा, ‘हे कसं काढलंस?’ पण हा प्रश्न बरोबर उत्तर देणाऱ्यालाही तितक्याच वेळा विचारा. नाहीतर मुलं आठवड्याभरात ओळखतात, की बाईंनी कारण विचारलं म्हणजे आपलं चुकलं, आणि बोलण्याआधीच उत्तर पुसून टाकतात.

नमस्कार.