सीटी स्कॅन नॉर्मल आला, तरीही

श्रोतेहो, नमस्कार.

दोन वर्षांपूर्वी पावसात माझा धाकटा भाऊ स्कूटरवरून घसरून पडला. हेल्मेट हँडलला अडकवलेलं. क्षणभर शुद्ध हरपली, मग स्वतःच उठून रिक्षात बसला. सीटी स्कॅन नॉर्मल आला आणि आम्हा सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. पण चौथ्या दिवशी कुकरची शिट्टी झाली आणि तो दोन्ही कान दाबून ओट्यापाशी खाली बसला. उजेड नको, कुणी बोलायला नको. ‘रिपोर्ट चांगला आहे, मग आता ही कसली सोंगं?’ असं त्याला विचारलं गेलं. विचारणारा मीच होतो. ते अजून मनाला लागून आहे.

सीटी स्कॅनमध्ये रक्तस्राव दिसतो, कवटीला गेलेला तडा दिसतो. पेशींमधली रसायनांची उलथापालथ दिसत नाही.

मेंदूच्या पेशीत पोटॅशियम जास्त असतं. सोडियम आणि कॅल्शियम बाहेर राखलेलं असतं. डोकं आपटलं की पेशीचं नाजूक आवरण ताणलं जातं. पोटॅशियम बाहेर सांडतं, कॅल्शियम आत घुसतं. ग्लुटामेट हे संदेश पोचवणारं रसायन एरवी थेंबाथेंबाने सुटतं, ते भसाभसा सुटतं आणि शेजारच्या पेशींनाही भडकवतं. घरात पाणी शिरल्यावर मोटर लावून उपसत बसावं, तसे पेशीतले पंप सारं पुन्हा जागेवर आणायला झटतात. त्यासाठी ग्लुकोज लागतं, आणि नेमका तेव्हाच रक्तपुरवठा कमी झालेला असतो. आत शिरलेलं कॅल्शियम पेशीच्या ऊर्जाकेंद्रांनाही अडवतं. पुढे कित्येक दिवस मेंदूचा ग्लुकोजचा वापरच मंदावतो. वजनाने शरीराच्या जेमतेम 2 टक्के असलेला हा अवयव एरवी सुमारे 20 टक्के ऊर्जा खातो. तो असा उपाशी पडला तर माणूस चिडचिडा, विसराळू होईल नाहीतर काय? अमेरिकेतल्या गिझा आणि होव्दा या संशोधकांनी 2001 मध्ये ही सगळी साखळी एकत्र मांडली.

यावर हमखास औषध नाही. डोक्याला मार लागला की स्टिरॉइड द्यायची पद्धत पूर्वी होती. दहा हजारांहून जास्त रुग्णांवरच्या चाचणीत, 2004 साली, त्याने मृत्यू वाढतात असं दिसलं.

पहिले एक-दोन दिवस विश्रांती, मग झेपेल तसं हळूहळू काम. बहुतेक मोठी माणसं दोनेक आठवड्यांत सावरतात, मुलांना अधिक वेळ लागतो. या काळात डोक्याला दुसरा मार लागू देऊ नका. मुलाला लगेच मैदानावर पाठवू नका. आणि वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, फिट, हातापायातली ताकद जाणं, हाक मारूनही जाग न येणं, यातलं काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, तडक दवाखाना गाठा.

माझ्या भावाच्या बायकोने तेव्हा कुणाशी वाद घातला नाही. तिने पंधरा दिवस कुकरच लावला नाही. वरण-भात पातेल्यात शिजायचा, आणि ती झाकणसुद्धा आवाज न करता ठेवायची.