दोन वर्षांच्या पदवीचा सात वर्षांचा हिशेब

अध्यक्ष महोदय आणि मित्रहो,

निमंत्रणपत्रिकेवर आजचा विषय "नर्सिंगची असोसिएट पदवी : खर्च किती आणि कमाई किती" असा छापला आहे, आणि मला पंचेचाळीस मिनिटे दिली आहेत. न्यू जर्सीतल्या आपल्या घरांतून हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो. विचारणाऱ्यांत भारतात उत्तम शिकलेल्या आणि एच-४ व्हिसावर (एच-१बी व्हिसावर काम करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या) येताना हातातली नोकरी सोडून आलेल्या बायका जास्त असतात. अलीकडे त्यांच्या आयटीतल्या नवऱ्यांनीही, स्वतःसाठी नव्हे असे आवर्जून सांगत, चौकशी सुरू केली आहे. (हशा.) प्रश्नाची सुरुवात बहुधा एकाच आकड्याने होते : "रजिस्टर्ड नर्सला त्र्याण्णव हजार मिळतात ना?"

मिळतात. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या मे २०२४च्या आकडेवारीनुसार रजिस्टर्ड नर्सच्या वार्षिक वेतनाचा मध्यक ९३,६०० डॉलर आहे. पण हा मध्यक आहे, म्हणजे निम्म्या नर्सना याहून कमी मिळते, आणि वरच्या निम्म्यांत वीस-वीस वर्षे अतिदक्षता विभागात काढलेल्या, चार वर्षांची पदवी घेतलेल्या आणि सॅन फ्रान्सिस्कोचे घरभाडे भरणाऱ्या नर्सही आहेत. जिने कालच परवाना हातात घेतला आहे, तिने पाहायचा आकडा यादीच्या तळाशी असतो. सर्वांत कमी वेतन असलेल्या दहा टक्के नर्सची वरची मर्यादा त्याच आकडेवारीत ६६ हजारांच्या आसपास आहे. पुढच्या हिशेबात मी हाच आकडा धरणार आहे. मध्यक ऐकून आलेल्यांनी मनाची तयारी करावी.

ही पदवी मुळात का निघाली, हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे, कारण तिच्या किमतीचे कोडे तिथेच आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर नर्सची मोठी टंचाई होती आणि रुग्णालयांच्या स्वतःच्या शाळांत तीन वर्षे राबून डिप्लोमा मिळवणे हा प्रचलित मार्ग होता. १९५१ मध्ये मिल्ड्रेड माँटॅग यांनी कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील आपल्या प्रबंधात कम्युनिटी कॉलेजातल्या, म्हणजे स्थानिक सार्वजनिक कॉलेजातल्या, दोन वर्षांच्या शिक्षणाची योजना मांडली आणि १९५२ मध्ये त्याचा प्रयोग सुरू झाला. त्यांच्या मनातली नर्स तांत्रिक कामे करणारी, पदवीधर नर्सच्या हाताखालची होती. प्रत्यक्षात मात्र दोन वर्षेवाल्या आणि चार वर्षेवाल्या अशा दोघीही एकाच परवान्याच्या परीक्षेला बसू लागल्या, आणि आजही एनक्लेक्स-आरएन ही परीक्षा दोघींना एकच आहे. अमेरिकन नर्सेस असोसिएशनने १९६५ मध्येच चार वर्षांची पदवी ही किमान पात्रता असावी असे म्हटले. नॉर्थ डकोटाने १९८७ मध्ये तसा नियम केला आणि २००३ मध्ये तो गुंडाळला. वाद साठ वर्षे चालू आहे आणि परवाना अजून एकच आहे.

आता "दोन वर्षे" या शब्दांबद्दलची माझी तक्रार मांडते. कॉलेजच्या पत्रकावर दोन वर्षे असे लिहिलेले असते ते नर्सिंगचे मुख्य विषय सुरू झाल्यापासून. त्याआधी शरीररचना व शरीरक्रियाशास्त्राची दोन सत्रे, सूक्ष्मजीवशास्त्र, बहुतेक ठिकाणी रसायनशास्त्र किंवा संख्याशास्त्र, इंग्रजी लेखन आणि मानसशास्त्र असे पूर्वविषय पार पाडावे लागतात. नोकरी वा मुले सांभाळून संध्याकाळच्या वर्गांत ते उरकायला दीड वर्ष सहज जाते.

मी पुण्याची बीएस्सी, विषय सूक्ष्मजीवशास्त्र. लग्नाआधी काही वर्षे मी हाच विषय शिकवतही होते. इथल्या एका कॉलेजात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, मी माझ्या गुणपत्रिका पैसे भरून, मूल्यमापन करून घेऊन सादर केल्या. खिडकीतल्या बाईंनी त्या आदराने हाताळल्या, माझी पदवी खरी असल्याचे मान्य केले आणि विज्ञानाचे विषय सात वर्षांच्या आतले असावेत असा नियम दाखवला. मी विचारले, की या सात वर्षांत जिवाणूंनी नेमके काय बदलले? त्या हसल्या नाहीत. पुण्यात हसले असते. (हशा.)

मग मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या वर्गात बसले, माझ्या मुलाहून जरा मोठ्या असलेल्या मुलामुलींबरोबर. पहिल्या प्रात्यक्षिकात ग्रॅम रंजन होते : काचपट्टीवर जिवाणूंचा पातळ थर पसरायचा, ज्योतीवरून फिरवून तो पक्का करायचा, जांभळा क्रिस्टल व्हायोलेट, मग आयोडीन, मग अल्कोहोलने धुणे आणि शेवटी गुलाबी सॅफ्रानिन. सगळा जीव त्या अल्कोहोलच्या पायरीत असतो. ते काही क्षण जास्त राहिले तर जांभळे राहायला हवेत ते स्टॅफिलोकोकसही गुलाबी होतात. माझ्या शेजारचा मुलगा फोनवर निरोप पाहत राहिला, त्याची सारी काचपट्टी गुलाबी झाली आणि त्याने सूक्ष्मदर्शकातून मान वर काढून मला विचारले, "तुम्हाला हे आधीपासून येतं का?" मी त्याला सांगितले, की येत होते, पण त्याची मुदत संपली आहे. (हशा, टाळ्या.)

या सत्राची फी मला फारशी बोचली नाही, पण वेळ बोचला. एक सत्र उशीर म्हणजे पुढच्या प्रवेशफेरीची संधी हुकणे, आणि अनेक कॉलेजांत नर्सिंगचा वर्ग वर्षातून एकदाच भरतो. पात्र अर्जदार जागांपेक्षा जास्त असल्यामुळे कुठे प्रतीक्षायादी असते, कुठे टीझ नावाच्या प्रवेशपरीक्षेचे गुण आणि पूर्वविषयांच्या श्रेणी पाहून निवड होते. जागा वाढत नाहीत, कारण शिकवायला अध्यापक मिळत नाहीत. आणि अध्यापक मिळत नाहीत, कारण वॉर्डातली नर्स त्यांच्यापेक्षा अधिक कमावते. म्हणजे ज्या पगाराच्या ओढीने आपण रांगेत उभे राहतो, तोच पगार रांग लांबवतो. यावर मी एक स्वतंत्र व्याख्यान देऊ शकते, परंतु अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे आणि तिच्यावर "दहा मिनिटे" असे लिहून खाली दोन रेघा मारल्या आहेत. तेव्हा हिशेब.

कम्युनिटी कॉलेजची फी आपल्या काउंटीतल्या रहिवाशाला देशभराच्या सरासरीने वर्षाला सुमारे ४ हजार डॉलर पडते. कॅलिफोर्नियात तर ती युनिटमागे, म्हणजे एका श्रेयांकाला, ४६ डॉलर आहे. पुस्तके, गणवेश, लसीकरण, पार्श्वभूमी तपासणी आणि एनक्लेक्सचे २०० डॉलर मिळून पूर्वविषयांसह एकूण १२ हजार धरू. जिची आज वर्षाला ४० हजारांची नोकरी आहे, तिला पूर्वविषय संध्याकाळी करता येतील, पण क्लिनिकल, म्हणजे रुग्णालयातले प्रत्यक्ष प्रशिक्षण, सुरू झाल्यावर पूर्णवेळ नोकरी बहुधा टिकत नाही. तेव्हा दोन वर्षांचे ८० हजार बुडाले. खर्च ९२ हजार. परवान्यानंतर ६६ हजार मिळाले, तर पूर्वीपेक्षा वर्षाला २६ हजार जास्त, म्हणजे कर आणि पगारवाढ बाजूला ठेवून साडेतीन वर्षांत भरपाई. दीड वर्ष पूर्वविषयांचे, दोन अभ्यासक्रमाची आणि साडेतीन ही, असा सात वर्षांचा हिशेब झाला. त्यानंतरचे सगळे नफ्यात, आणि ते थोडे नाही.

याच आकड्यांवरून प्रतीक्षायादीत गेलेल्या एका वर्षाची किंमत २६ हजार होते, म्हणजे संपूर्ण शिक्षणाच्या फीच्या दुपटीहून जास्त. म्हणून दोन कॉलेजांच्या फीत हजार-दोन हजारांची तुलना करत बसणाऱ्यांना मी आधी प्रवेशाच्या तारखा विचारते. याचा अर्थ खासगी, नफ्यावर चालणाऱ्या कॉलेजात ५० हजार भरून लगेच प्रवेश घ्यावा असा मात्र नाही. ३८ हजारांचा तो फरक दीड वर्षाची वाट वाचली तरच भरून निघतो, कर्जावरचे व्याज वेगळे. शिवाय राज्याच्या नर्सिंग बोर्डाची मान्यता आणि राष्ट्रीय अधिस्वीकृती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली नसेल तर परीक्षेला बसता येत नाही आणि दुसरी नसेल तर पुढे बीएसएनला, म्हणजे नर्सिंगच्या चार वर्षांच्या पदवीला, प्रवेश मिळणे अवघड होते. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडात साडेसात हजारांहून अधिक बनावट नर्सिंग डिप्लोमांचे प्रकरण उघडकीस आले, ते याच घाईच्या गिऱ्हाइकांवर पोसलेले होते.

ज्या सध्या नोकरी करत नाहीत, त्यांचे वेतन बुडत नाही, पण लहान मूल असल्यास पाळणाघराचे महिना हजार-दीड हजार डॉलर खर्चात धरावे लागतात. दोन वर्षांत ते फीच्या दुप्पट-तिप्पट होतात. आजी सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांचे तिकीट क्लिनिकलच्या सत्रावर बेतावे. (हशा.)

पहिल्या नोकरीबाबत एवढेच, की अनेक रुग्णालयांत दोन्ही पदव्यांच्या पगारातला फरक तासाला एक-दोन डॉलरांचा असतो, पण मोठी, मॅग्नेट दर्जाची (नर्सिंगच्या गुणवत्तेसाठी गौरवलेली) रुग्णालये नव्या उमेदवारांत बीएसएनला पसंती देतात. असोसिएटवालीला सुरुवात नर्सिंग होम, पुनर्वसन केंद्र किंवा डायलिसिस केंद्रातून करावी लागू शकते. नदीपलीकडे न्यूयॉर्कमध्ये २०१७च्या कायद्याने नव्या नर्सना परवान्यानंतर दहा वर्षांत बीएसएन पूर्ण करणे बंधनकारक केले आहे. ते स्वतःच्या पैशाने करू नये. शिक्षणासाठी मालकाने वर्षाला दिलेल्या ५,२५० डॉलरपर्यंतच्या रकमेवर केंद्रीय कर लागत नाही आणि अनेक रुग्णालये ती देतात. मुलाखतीत शिफ्टच्या वेळांबरोबर हेही विचारावे.

शेवटचा मुद्दा एच-४वाल्यांसाठी. या व्हिसावर शिकता येते, पण केंद्रीय आर्थिक साहाय्य मिळत नाही, आणि काम करायला ईएडी, म्हणजे कामाचे परवानापत्र, लागते. मे २०१५ पासूनच्या नियमाने ती मुख्यतः ज्यांच्या जोडीदाराचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी कंपनीने केलेला अर्ज) मंजूर झाला आहे त्यांना मिळते. ती नसेल तर परीक्षा उत्तीर्ण होऊनही वरच्या हिशेबातल्या ६६ हजारांच्या जागी शून्य लिहावे लागेल. म्हणून पूर्वविषयांचे पहिले सत्र भरण्याआधी नवऱ्याच्या कंपनीच्या वकिलाला आय-१४०ची सद्यःस्थिती विचारा, आणि उत्तर लेखी घ्या.