नळी काढण्याची तारीख

श्रोतेहो, नमस्कार. मुतखड्याची कळ ज्यांनी सोसली आहे त्यांना तिचे वर्णन नको असते, म्हणून आज खडा निघाल्यानंतरच्या दिवसांविषयीच बोलतो. मूत्रवाहिनीतला खडा दुर्बिणीतून लेझरने फोडल्यावर डॉक्टर पुष्कळदा मूत्रपिंडापासून मूत्राशयापर्यंत एक लवचिक नळी ठेवतात. तिला डीजे स्टेंट म्हणतात. सूज उतरेपर्यंत लघवीची वाट मोकळी ठेवणे हे तिचे काम, आणि ते झाले की ती काढायची असते.

आमचे एक मामा जालन्याकडे शेती करतात. शस्त्रक्रियेनंतर त्यांना लघवी लालसर होई, सारखी लागे आणि करताना कुशीत कळ येई. पण नळी असेपर्यंत असे चालायचेच, हे डॉक्टरांनी सांगितलेले असल्याने ते घाबरले नाहीत. पुढे त्रास अंगवळणी पडला, सोयाबीनची काढणी आली आणि नळी आतच राहिली. तारीख लिहिलेले डिस्चार्ज कार्ड कपाटात साड्यांखाली होते. स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर मात्र दुधाचा प्रत्येक खाडा, सिलिंडर लावल्याचा दिवस आणि भिशीचा हप्ता मामींच्या अक्षरात नोंदलेला होता. संक्रांत गेली, होळी गेली, आणि एका रात्री मामांना हुडहुडी भरून ताप आला. एक्स-रेमध्ये नळीच्या दोन्ही वळलेल्या टोकांवर नव्या खड्याची पुटे दिसली. वेळेवर गेले असते तर जी काही मिनिटांत निघाली असती, त्या नळीसाठी पुन्हा भूल आणि पुन्हा लेझर घ्यावे लागले. मामी खाटेशेजारी बसून म्हणाल्या, "अहो, दुधाच्या एका खाड्यासाठी गवळ्याशी वाद घालता, आणि पोटातली नळी कशी विसरलात?"

तेव्हा पुन्हा सांगतो, नळी काढायची असते, आणि तिची तारीख दुधाच्या खाड्याशेजारीच लिहावी.

पाण्याचे म्हणाल, तर दिवसाला सुमारे अडीच लिटर लघवी होईल इतके प्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास मात्र प्रमाण डॉक्टरांना विचारावे. प्रवासात स्त्रिया पाणी टाळतात, यात दोष त्यांचा नाही. एसटी स्थानकांवरची स्वच्छतागृहे ज्यांच्या अखत्यारीत आहेत त्यांनी एकदा ती स्वतः वापरून पाहावीत, असे माझे जुनेच मत आहे. मीठ कमी करावे, पण दूध-दही मनानेच बंद करू नये, कारण पुष्कळसे खडे ज्या ऑक्सलेट नावाच्या क्षारापासून बनतात, त्याला आहारातले कॅल्शियम आतड्यातच बांधून ठेवते.

आणि नळी असताना थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री रुग्णालय गाठावे.