हिरडीच्या पेशीनं हाड बनवलं

इंदूरचा सराफा, रात्रीचे साडेदहा, सोन्याच्या दुकानांची शटरं पडलीयेत आणि त्यांच्याच ओट्यांपुढे कढया चढल्यात. थंडी म्हटलं की गराडू, म्हणजे तळलेला कंद, आलाच. आता आमच्या रामबागेतल्या आजोबांकडे बघा, प्लेटवर मस्त जिरावण मसाला भुरभुरलेला, पण प्रत्येक तुकडा डाव्या गालात सरकवतायत, कारण उजवीकडचे दोन दात हलतात. शेवटी म्हणतात, "जाऊ दे रे, भुट्ट्याचा कीसच सांग." कीसाला दात लागत नाहीत ना!

गंमत अशी की हलणारा दात बरेचदा स्वतः ठणठणीत असतो, त्याच्या खालची जमीनच गेलेली असते. दाताच्या मुळाशी जंतूंचा थर साचतो, हिरडी सुजते आणि त्या सुजेत हाड हळूहळू विरत जातं, फारसं दुखत नाही म्हणून कळतही नाही. सफाई केली की आजार थांबतो, पण गेलेलं हाड बहुतेक वेळा परत येत नाही.

1965 मध्ये मार्शल युरिस्ट या अमेरिकन डॉक्टरनं क्षार काढून टाकलेलं हाड सशाच्या स्नायूत ठेवलं, आणि जिथे हाडाचं काही कामच नाही तिथे नवं हाड उगवलं! 'इथे हाड बनवा' हा निरोप पेशींना देणारी प्रोटीन्स म्हणजे बीएमपी, बोन मॉर्फोजेनेटिक प्रोटीन्स. मग टोचा की प्रोटीन, झालं? नाही हो, जखमेवर ठेवलेलं प्रोटीन लवकर वाहून जातं, मोडतं, आणि हाड भरायला तर आठवडे लागतात.

म्हणून मग रोज डबा पाठवण्यापेक्षा तिथेच चूल पेटवायची. प्रोटीनचा जीन अ‍ॅडेनोव्हायरसमध्ये, म्हणजे सर्दी-खोकला करणाऱ्या एका व्हायरसमध्ये भरायचा, त्या व्हायरसची वाढायची ताकद आधीच काढून घ्यायची, तो पेशीत शिरतो, जीन सोडतो आणि पेशी स्वतःच प्रोटीन बनवायला लागते. हा जीन सहसा पेशीच्या डीएनएत जोडला जात नाही, थोडे दिवस चालून थंडावतो, आणि आपल्याला तेच हवंय, जबड्यात हाड वाढतच राहिलं तर पंचाईत.

2000 साली मिशिगन विद्यापीठातल्या टीमनं माणसाच्या हिरडीतल्या पेशींना, म्हणजे मऊ तंतू विणणाऱ्या फायब्रोब्लास्टना, बीएमपी-7 चा जीन दिला, त्या उंदरांच्या अंगात ठेवल्या आणि तिथे चक्क हाड तयार झालं. विणकरानं गवंडीकाम केलं भिया! 2003 मध्ये उंदरांच्या जबड्यातल्या जखमेत हाडासोबत दाताच्या मुळावरचं कठीण आवरण, म्हणजे सीमेंटमही आलं.

मग दवाखान्यात का नाही मिळत? 1999 मध्ये जेसी गेलसिंगर हा 18 वर्षांचा मुलगा यकृताच्या आजारावरच्या जीन थेरपीच्या (जीन देऊन उपचार) चाचणीत दगावला, व्हायरस हाच होता, डोस मोठा होता. हिरडीचं दुखणं जिवावर बेतणारं नाही, त्यासाठी इतकी जोखीम घ्यावी का हा प्रश्न मला तरी रास्त वाटतो. व्हायरसशिवाय, नुसता डीएनए कोलॅजनच्या स्पंजमध्ये भरूनही प्रयत्न झालेत, पण तसा तो फार थोड्या पेशींत शिरतो.

आजोबांनी हे सगळं शांतपणे ऐकलं, कीस संपवला, खिशातून सुपारीची डबी काढली आणि विचारलं, "हा व्हायरस सियागंजात होलसेलमध्ये मिळेल का रे?"