गॅस संपत नसतो : घरातला स्प्लिट एसी सांभाळताना

श्रोतेहो, नमस्कार.

होळी झाली की दुपारी तापायला लागतात आणि चार-पाच महिने बंद असलेल्या एसीचा रिमोट शोधला जातो. वर्षातल्या त्या पहिल्या वेळी थोडं थांबा आणि आधी बाहेरचं युनिट बघून घ्या. आउटडोअर युनिट आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर जागेत कबुतरांनी काड्या रचलेल्या असतात. शहरातल्या इमारतींत तर हे हमखास. हवा त्याच बाजूने आत ओढली जाते. ती वाट बंद झाली की उष्णता बाहेर टाकता येत नाही, गॅस दाबून फिरवणारा कॉम्प्रेसर तापतो, वीज जास्त खातो आणि शेवटी ट्रिप होतो. पाली आणि मुंग्या ऊब शोधत पीसीबीपर्यंत, म्हणजे आतल्या इलेक्ट्रॉनिक कार्डापर्यंत पोचतात. दोन टोकांवर पाल चिकटली की शॉर्ट सर्किट होऊन हजारो रुपयांचं कार्ड जातं. म्हणून वायर आत शिरते ते भोक उघडं राहिलं असेल तर मेकॅनिककडून बुजवून घ्या.

हे बघताना गॅलरीच्या कठड्यावर चढायचं नाही, खिडकीबाहेर वाकायचं नाही. हात पोचत नसेल तर ते काम पट्टा आणि दोर बांधून काम करणाऱ्या माणसाचं आहे. त्याने दोर बांधलेला नसेल तर त्यालाही बाहेर उतरू देऊ नका. दोर बांधून तो उतरला, की ज्या स्टँडवर युनिट बसलंय त्याचे बोल्ट बघायला सांगा. कोकणपट्टीत आणि मुंबईत खाऱ्या हवेने लोखंडी स्टँड आतून कुजतो. वरून रंग शाबूत दिसतो आणि बोल्टाच्या भोकाभोवती पापुद्रे सुटलेले असतात. पंचवीस-तीस किलोंचं युनिट चौथ्या मजल्यावरून पडलं तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

आता विजेचं. दीड टनाचा एसी पूर्ण जोरात चालताना साधारण सात ते आठ अँपिअर ओढतो, आणि तोही तासन्‌तास. घरातला साधा ६ अँपिअरचा सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड यासाठी नाहीच. एसीला मीटरजवळच्या बोर्डापासून स्वतंत्र लाइन हवी. दीड टनासाठी सर्वसाधारणपणे ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, साधारण २० अँपिअरचा सी-प्रकारचा एमसीबी, म्हणजे करंट जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, आणि नीट तपासलेलं अर्थिंग लागतं. घराला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, असेल तर फारच चांगलं. आउटडोअरच्या पत्र्याला हात लागल्यावर झिणझिण्या आल्या तर एसी तिथेच बंद करा आणि इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. ‘थोडा करंट येतोच’ असं कुणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका.

एसी अर्धा तास चालला की प्लगला पालथा हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक, पण चटका बसत असेल किंवा पिनेभोवतीचं प्लास्टिक पिवळसर-तपकिरी झालं असेल तर पकड सैल आहे. सैल पकडीतून ठिणग्या उडतात, ठिणग्यांनी धातू जळतो, पकड आणखी सैल होते आणि एके रात्री तिथूनच आग लागते. अशा वेळी प्लग आणि सॉकेट दोन्ही बदला. आणि एमसीबी वारंवार पडतोय म्हणून २० च्या जागी ३२ चा बसवून घेऊ नका. एमसीबी भिंतीतल्या वायरचं रक्षण करतो. मोठा बसवलात की तो पडणार नाही, वायर जळेल.

रिमोटने बंद केलेला एसी खरोखर बंद नसतो, वीज आत असतेच. धूळ अडवणारी जाळी, म्हणजे फिल्टर, काढायची असो की वरचं झाकण पुसायचं असो, आधी एमसीबी खाली. आउटडोअरचं झाकण मात्र वीज बंद करूनही घरच्या माणसाने उघडू नये. आतला कपॅसिटर वीज साठवून ठेवतो आणि इन्व्हर्टर एसीत ती ३०० व्होल्टच्या वर असते. मेकॅनिकसुद्धा काही मिनिटं थांबून, मीटर लावून खात्री करतो आणि मगच हात घालतो.

श्रोतेहो, आता या भाषणातला सगळ्यात महत्त्वाचा भाग. दर उन्हाळ्यात घरोघरी एक वाक्य ऐकू येतं : ‘एसीतला गॅस संपलाय, भरावा लागेल.’ गॅस संपत नसतो. स्कूटरमधल्या पेट्रोलसारखा तो जळत नाही. बंद नळ्यांत तो फिरत राहतो. घरातल्या कॉइलमध्ये उकळून उष्णता घेतो, बाहेरच्या कॉइलमध्ये दाबाखाली पुन्हा द्रव होऊन ती टाकतो. नळ्या शाबूत असतील तर पहिल्या दिवशी भरलेला गॅस दहा वर्षांनीही तेवढाच असतो. कमी झाला असेल तर कुठेतरी लीकेज आहे, आणि ते न शोधता गॅस भरणं म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणं.

पण एसी थंड करत नाही याचा अर्थ गॅस कमी आहे, असंही नाही. आधी जाळी धुवा. मग एसी पंधरा-वीस मिनिटं पूर्ण थंडीवर चालवा आणि खोलीच्या हवेचा साधा थर्मामीटर आधी वर, जिथून हवा आत जाते तिथे, आणि मग खाली, जिथून थंड हवा येते तिथे धरून बघा. दोन्हींत साधारण ८ ते १२ अंशांचा फरक पडला तर गॅस ठीक आहे. दोष दुसरीकडे शोधा : पडद्याआडून येणारं ऊन, दाराखालची फट, किंवा खोलीच्या मानाने लहान एसी. फरक त्याहून बराच कमी असेल आणि इनडोअरच्या कॉइलच्या एकाच कोपऱ्यात बर्फ धरत असेल, तर गॅस कमी असल्याचा संशय घ्यायला जागा आहे. संपूर्ण कॉइलवर बर्फ असेल तर बहुधा जाळी किंवा ब्लोअर, म्हणजे आतला पंखा, मळलेला असतो. बर्फ चाकूने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका, तांब्याची नळी पातळ असते. कूलिंग बंद करून नुसता पंखा चालू ठेवा, तासा-दोन तासांत तो वितळतो.

लीकेज बहुतेक वेळा जोडावर असतं. नळीचं तोंड पसरून नट आवळतात, तिथे. नट कमी आवळला तर गळतो, जास्त आवळला तर तांबं चिरतं आणि वर्षभराने गळतं. आउटडोअरच्या बाजूला नटाभोवती तेलकट काळी धूळ चिकटलेली दिसली तर गॅस तिथूनच जातोय, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं. दुरुस्ती कशी व्हायला हवी हे माहीत असू द्या. आधी कोरडा नायट्रोजन दाबाने भरायचा, साबणाच्या फेसाने बुडबुडे शोधायचे आणि गळका जोड नवा करायचा. मग व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा आणि ओल ओढून काढायची. याला किमान वीस-पंचवीस मिनिटं लागतात. त्यानंतर वजनकाट्यावर सिलिंडर ठेवून ग्रॅममध्ये गॅस भरायचा. तुमच्या एसीत किती गॅस हवा तो आकडा आउटडोअरच्या पट्टीवर छापलेला असतो, ०.७५ किलो वगैरे. काटा आणि व्हॅक्यूम पंप न आणता दहा मिनिटांत ‘फुल चार्जिंग’ करून पैसे मागणाऱ्याला पुन्हा बोलावू नका.

नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजनचा सिलिंडर लावायला तर कधीच परवानगी देऊ नका. दाबाखालचा ऑक्सिजन आणि कॉम्प्रेसरचं तेल एकत्र आले की स्फोट होतो. घर बदलताना एसी काढतात तेव्हाही तसाच धोका असतो. सगळा गॅस आउटडोअरमध्ये ओढून घेतात, त्या वेळी कॉम्प्रेसर चालू असताना नळी सैल केली तर बाहेरची हवा आत जाते आणि कॉम्प्रेसर फुटू शकतो. व्हॉल्व्ह बंद करायचे, मग कॉम्प्रेसर बंद, आणि मगच नट सोडायचा, हा क्रम आहे. ते काम चालू असताना मुलांना तिथे उभं करू नका.

पट्टीवर गॅसचं नावही असतं. आज बऱ्याच एसींत आर-३२ असतो, काहींत आर-२९०. आर-३२ मंद पेटणारा आहे. आर-२९० म्हणजे प्रोपेन, स्वयंपाकाच्या गॅसच्या जातीचा, सहज पेटणारा. स्वयंपाकाच्या गॅसमध्ये मुद्दाम घातलेला वास यांच्यात नसतो, आणि दोन्ही हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतात. फुस्स असा आवाज झाला आणि थंडी अचानक गेली, तर खिडक्या-दारं उघडा, देवघरातला दिवा आणि उदबत्ती लांबच असू द्या, खोलीतलं कुठलंही बटण दाबू नका आणि बाहेर या. एसीचा एमसीबी त्या खोलीबाहेर असेल तर तिथून बंद करा. ज्या एसीत जो गॅस आहे तोच भरायचा. आर-२२ हा गॅस असलेल्या जुन्या मशिनात ‘हा स्वस्त आहे’ म्हणून पेटणारा गॅस भरणं फार घातक आहे, कारण त्या मशिनाची वायरिंग आणि आतले विजेचे स्विच पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेलेच नाहीत.

पाणी गळणं त्या मानाने किरकोळ. दमट दिवसांत दीड टनाचा एसी तासाला लिटर-दीड लिटर पाणी हवेतून काढतो. ते ड्रेन पाइपमधून नुसत्या उताराने वाहतं, पंप नसतो. पाइप मध्येच वर उचललेला असेल, त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालं असेल किंवा आत शेवाळासारखा चिकट गाळ बसला असेल, तर पाणी भिंतीवर उतरतं. टोक मोकळं ठेवा, बाहेरच्या बाजूने गाळ ओढून काढा. हे पाणी फरशी पुसायला, झाडांना चालेल. वीज गेल्यावर वापरायच्या घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत मात्र घालू नका. त्यात धूळ आणि कॉइलचे धातूचे अंश उतरलेले असतात, ते डिस्टिल्ड वॉटर नव्हे.

जाळी मोसमात दर पंधरा दिवसांनी धुवा. रस्त्यालगत घर असेल किंवा जवळ बांधकाम चालू असेल तर आठवड्याने. नळाखाली उलट्या बाजूने पाणी सोडा, म्हणजे धूळ आली त्याच वाटेने जाते. गरम पाणी नको, ब्रश घासू नका, सावलीत वाळवा. ओली जाळी बसवली की दोन दिवसांत कुबट वास येतो. आतली कॉइल आणि ब्लोअर वर्षातून एकदा, जास्त वापर असेल तर दोनदा, पाण्याच्या जेटने धुवून घ्या. जेट पत्र्यांच्या रेषेत सरळ धरायचा, तिरका धरला की नाजूक पत्रे मुडपतात. पीसीबीवर आधी प्लास्टिक बांधलंय ना, ते स्वतः बघा. ॲसिडने धुणाऱ्याला नाही म्हणा. कॉइल चकाचक होते, पण तांबं आणि ॲल्युमिनियम दोन्ही झिजतात, आणि मग पुन्हा तेच लीकेज.

किती अंशांवर ठेवायचा? ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून स्टार लेबल असलेले एसी चालू होताना २४ अंशांवरच चालू होतात. ब्युरोच्या हिशेबाने तापमान एक अंश वर ठेवलं की साधारण ६ टक्के वीज वाचते. १६ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होते, ही समजूत चुकीची आहे. साध्या, म्हणजे इन्व्हर्टर नसलेल्या एसीचा कॉम्प्रेसर दोन्ही वेळा सारख्याच जोरात चालतो, फक्त १६ वर तो थांबत नाही. २५-२६ ला एसी आणि वर हळू पंखा, हे बहुतेकांना पुरतं. विदर्भात पारा ४५ ला टेकतो तेव्हा आउटडोअरवर थेट ऊन नको. वर हातभर अंतर सोडून छत घाला, पण पुढून आणि मागून वारा मोकळा हवा. कूलर आणि एसी मात्र एकत्र चालवू नका. कूलर हवेत ओल सोडतो आणि एसीला आधी तीच काढत बसावी लागते.

हॉट अँड कोल्ड एसी असेल तर नाशिक-निफाडच्या थंडीत तो उपयोगी पडतो. चार तोंडांचा व्हॉल्व्ह गॅसची दिशा उलटवतो आणि बाहेरच्या हवेतली उष्णता घरात आणतो, म्हणून साध्या कॉइल हीटरपेक्षा बरीच कमी वीज लागते. रिमोट २० ते २२ वर पुरे, झडपा खाली वळवा, कारण गरम हवा वर चढते. या काळात बाहेरच्या युनिटमधून पाणी टपकणं ठीक आहे. मधेच पंखा थांबून फसफस आवाज आला तर तो बाहेरच्या कॉइलवरचं दंव वितळवतोय, काही मिनिटांत पुन्हा सुरू होईल. घाबरून बंद-चालू करत बसू नका. कधीही बंद केलात तर पुन्हा लावायला किमान तीन मिनिटं थांबा.

आणि ही विनंती मनापासून करतो. स्प्लिट एसी बाहेरची ताजी हवा आत आणत नाही, खोलीतलीच फिरवतो. म्हणून दार-खिडक्या बंद करून एसी किंवा हीटर चालू असलेल्या खोलीत कोळशाची शेगडी, धुनी, डासांची कॉइल पेटवू नका. कोळशाच्या धगीतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही. झोपण्याआधी आणि उठल्यावर दहा मिनिटं खिडकी उघडा.

मोसम संपला की कोरड्या दिवशी नुसता पंखा दोन-तीन तास चालवून आतली कॉइल वाळवा, जाळी धुवून बसवा, एमसीबी पाडा, रिमोटमधले सेल काढा. आउटडोअरला प्लास्टिकने गुंडाळू नका. आत ओल कोंडून पत्रा गंजतो आणि उंदरांना घर मिळतं. फक्त वरच्या बाजूला झाकण ठेवा.

नमस्कार.